निरीक्षकांना कुठेही जायचं नव्हतं

विमानतळाच्या इतिहास-पुस्तिकेच्या सतराव्या पानावर निरीक्षकांचा घास हातातच राहिला.

"अगं, इकडे ये आधी!"

आग लागलेली नाही, कुठेतरी छापण्यात चूक सापडली आहे, हे त्यांच्या बायकोने आवाजावरूनच ओळखलं. त्यामुळे हातातलं भांडं विसळून, पालथं घालून, हात पुसून मगच ती बाहेर आली.

"हा कोण?" निरीक्षकांनी पानावर बोट ठेवलं.

तिने चष्मा लावला. "तुम्ही."

"नक्की?"

"अहो, हे कान दुसऱ्या कोणाचे असतील?"

"मग खाली काय छापलंय ते वाच. मोठ्याने वाच."

"'विमानतळाच्या उपाहारगृहाचे पहिले व्यवस्थापक, जीपसह.'" तिने चष्मा काढला. "अगंबाई."

"जीपसह!" निरीक्षक ताटावरून उठलेच. "त्या माणसाने जन्मात चहाच्या किटलीपलीकडे काही चालवलेलं नाही, आणि म्हणे जीपसह!"

निरीक्षकांना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, पण आसपासचे सगळे त्यांना अजून निरीक्षकच म्हणत. राजधानीच्या मुख्य विमानतळाची धावपट्टी त्यांनी छत्तीस वर्षं तपासली होती. सकाळ-संध्याकाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत जीप हाकायची, डांबराला तडा गेलाय का, दिवा फुटलाय का, एखादा खिळा, टायरचा तुकडा, मेलेला पक्षी पडलाय का ते बघायचं आणि वहीत लिहायचं, 'धावपट्टी ठीक'. त्या दोन शब्दांखाली त्यांची सही पडल्याशिवाय राजधानीत कोणाला उतरता येत नसे की तिथून उडता येत नसे, मग ते राष्ट्राध्यक्षांचं विमान असो नाहीतर कोंबडीची पिल्लं घेऊन आलेलं मालवाहू.

आणि फोटो तर त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या सकाळचा होता. मोठी जेट विमानं तेव्हा नुकती येऊ लागली होती. धुकं असं दाटलं होतं की मनोऱ्यावर बसलेल्यांना मनोऱ्याचा पायथा दिसत नव्हता. एक विमान कसंबसं उतरलं आणि वाट न सापडून धावपट्टीवरच थिजलं. मागून दुसरं येत होतं, त्याचं इंधन संपत आलेलं. निरीक्षक जीप घेऊन त्या दुधात शिरले, चाचपडत विमान शोधलं आणि जीपच्या मागच्या लाल दिव्यामागे त्याला चालवत सहा मिनिटांत धावपट्टीबाहेर काढलं. सातव्या मिनिटाला दुसरं उतरलं. धुकं विरल्यावर कोणीतरी फोटो काढला. जीप, तिच्या बॉनेटवर हात ठेवून उभे असलेले तरुण निरीक्षक, आणि ते कान.

निरीक्षकांनी विमानतळाच्या जनसंपर्क कार्यालयाला फोन लावला. पलीकडच्या मुलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग त्याहून शांतपणे ती म्हणाली, "सर, पण तो फोटो व्यवस्थापककाकांनीच दिलाय. स्वतःच्या अल्बममधून."

"म्हणजे चोरलाय!"

"आणि इतिहास दालनातली पाटीही तयार आहे, सर. पितळेवर कोरलीय. शनिवारी मंत्रिमहोदय तिच्यावरचाच पडदा बाजूला करणार आहेत. आता काही बदलता येणार नाही."

"पितळेवर कोरण्याआधी माणसाने एक फोन करावा!"

"तुम्ही येणार ना, सर? तुम्हाला पहिल्या रांगेत जागा ठेवलीय. व्यवस्थापककाकांच्या शेजारी."

निरीक्षकांनी फोन ठेवला नाही, आपटला. मग टेबलाशी बसून त्यांनी एका जाड कार्डावर सुवाच्य अक्षरात खरी ओळ लिहिली, कात्रीने कडा नीट कापल्या आणि कार्ड, डिंकाची बाटली आणि कात्री असा सगळा ऐवज कोटाच्या खिशात घातला. भिंतीशी जाऊन माप घेऊन गरज पडली तर आणखी कापता यावं म्हणून कात्री.

"मंत्र्यांसमोर डिंक लावत बसणार आहात?" बायकोने विचारलं.

"भिंतीवर इतिहास चुकीचा लागलेला चालतो, आणि डिंक चालत नाही?"

शनिवारी सकाळी दहाला दोघं विमानतळावर पोचली. जनसंपर्कवाली मुलगी प्रवेशद्वाराशीच उभी होती, एका हातात फोन, दुसऱ्या हातात पाकिटांचा गठ्ठा. तिने दोघांना एकेक पाकीट दिलं. निरीक्षकांनी उघडून पाहिलं तर आत विमानाचं तिकीट.

"हे काय? आम्हाला कुठेही जायचं नाहीये."

"माहितीये, सर. पण इतिहास दालन नव्या टर्मिनलमध्ये आहे ना, सुरक्षा तपासणीच्या पलीकडे. तिकडे तिकिटाशिवाय कोणालाच सोडत नाहीत. पाहुण्यांच्या पाससाठी पंधरा दिवस आधी अर्ज लागतो, आणि आमच्या लक्षात आलं परवा. म्हणून तुम्हा आठही पाहुण्यांची साडेअकराच्या विमानाची तिकिटं काढली. ते नेहमी अर्धं रिकामंच जातं. गेटवर यादी देऊन ठेवलीय, की हे आठ जण येणार नाहीत म्हणून."

"म्हणजे विमानतळाचा इतिहास पाहायचा तर आधी विमानतळ सोडून जायचं तिकीट काढायचं!"

"फक्त कागदोपत्री, सर."

एवढ्यावर निरीक्षक थांबले नसते, पण त्यांची नजर तपासणीच्या रांगेवर गेली. रांग तीन वेढे घालून दारापर्यंत आली होती. मुलीनेही घड्याळ पाहिलं. मंत्र्यांचं विमान साडेअकराला जागेवर येऊन लागणार होतं. तिने इकडेतिकडे बघून हात केला आणि चाळिशीतला, शांत चेहऱ्याचा एक माणूस चाकाची खुर्ची ढकलत आला.

"सर, यात बसा. खुर्चीवाल्यांची रांग वेगळी असते, पाच मिनिटांत आत जाल."

"मी? खुर्चीत?" निरीक्षकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अकरा वर्षांपूर्वीपर्यंत मी ही अख्खी धावपट्टी पायी तपासू शकत होतो!"

"अहो, बसा," बायको म्हणाली. "तुमचं कार्ड लागायचंय ना वेळेत? बायकांची रांग आखूड आहे, मी पुढे होते."

कार्डाचं नाव निघालं आणि निरीक्षक बसले. खुर्चीवाल्याने त्यांच्या पोटावरून पट्टा आवळला.

तपासणीत कात्री निघाली.

"ही कशाला?" सुरक्षारक्षकाने विचारलं.

"पाटी कापायला."

"आणि डिंक?"

"चिकटवायला."

"कुठे?"

"तुमच्या भिंतीवर."

हे उत्तर खरं होतं, पण सोयीचं नव्हतं. आणखी दोन रक्षक आले, एक वही आली, एक अर्ज आला. निरीक्षकांनी अर्जातल्या भाषेच्या चुका दाखवल्या, त्यात अजून दहा मिनिटं गेली. शेवटी कात्री जप्त झाली, डिंक परत मिळाला, आणि या सगळ्या वादावादीत त्यांचा फोन प्लास्टिकच्या ट्रेमध्येच राहिला. तेवढ्यात जनसंपर्कवाली मुलगी धावत आली. तिला धाप लागली होती.

"यांना लगेच पोचव," ती खुर्चीवाल्याला म्हणाली. "ते चालतो म्हणतील, रागावतील. काहीही म्हणाले तरी ऐकू नकोस. नीट पोचव फक्त." आणि मंत्र्यांच्या स्वागताला पळाली.

कुठे पोचव हे सांगायचं राहिलं. खुर्चीवाल्याने नेहमीप्रमाणे तिकीट पाहिलं. गेट क्रमांक एकतीस.

दालन उजव्या हाताला होतं. काचेतून निरीक्षकांना खुर्च्यांच्या रांगा दिसल्या, भिंतीवरचा मखमली पडदा दिसला आणि पहिल्या रांगेत आपली बायको दिसली. तिच्या शेजारी उपाहारगृहाचे माजी व्यवस्थापक बसले होते. ते काहीतरी सांगत होते आणि ती हसत होती. छान हसत होती. आणि खुर्ची तशीच पुढे गेली.

"अरे, थांब! हेच दालन!"

"दालन बघायला वेळ नाही, आजोबा. गेट बंद होईल."

"मला गेटवर जायचंच नाहीये! मला कुठेही जायचं नाहीये!"

"सगळे असंच म्हणतात," खुर्चीवाला समजुतीने म्हणाला. "परवा एक आजी म्हणत होत्या, मला लेकाकडे राहायचंच नाही. बसवून दिलं. आता खूश आहेत म्हणे."

निरीक्षकांनी पट्टा सोडून एक पाय खाली टाकला. लगेच चार अनोळखी माणसं चारी बाजूंनी धावली, "पडाल, पडाल" करत त्यांना पुन्हा बसवलं, आणि एका बाईंनी तर पट्टा आणखी एक भोक आवळून दिला. समजूतदार माणसांची एवढी गर्दी निरीक्षकांनी त्या विमानतळावर छत्तीस वर्षांत पाहिली नव्हती.

"अरे, मी कोण आहे तुला माहितीये का?" ते कडाडले. "इथे नुसता माळ होता. पत्र्याची एक शेड आणि आठवड्याला तीन विमानं. विमान यायच्या आधी शेळ्या हाकलायला घंटा वाजवायचे, ती घंटा मी आलो तेव्हा अजून टांगलेली होती! मग लष्कराने सिमेंटची पट्टी केली, मग डांबराची झाली, मग एक इमारत, मग दुसरी, आता ही काचेची तिसरी. या देशातून शिकायला, कमवायला जो कोणी बाहेर गेला तो या दारातून गेला. परत आला तोही इथूनच. कोणी हसत आला, कोणी पेटीतून आला. आणि हे सगळं कोणाच्या सहीवर चालायचं?"

"कोणाच्या?"

"माझ्या!"

"बरं, आजोबा. पाय आत घ्या, सरकता पट्टा आलाय."

एकतीस नंबरच्या गेटवर एक मुलगी यादी घेऊन बसली होती. तिने तिकीट पाहिलं, यादी पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "यादीत तर लिहिलंय, हे प्रवासी येणार नाहीत."

"बरोबर आहे!" निरीक्षकांना हायसं वाटलं. दिवसभरात शहाणं असं पहिलंच माणूस भेटलं होतं. "मी येणार नाही."

"पण तुम्ही तर आलात."

"आलो नाही, मला आणलंय!"

"म्हणजे आलातच ना." तिने यादीतल्या त्यांच्या नावावर सरळ रेघ मारली. "बरं झालं आलात. ऐन वेळी गैरहजर राहणाऱ्यांचा फार ताप असतो आम्हाला."

खुर्चीवाल्याने विमानाच्या दारात हवाई सुंदरीला हळू आवाजात सांगितलं, "जरा घाबरलेत. जायचं नाही म्हणतात. वरून सांगणं आहे, काही ऐकू नका, नीट पोचवा." मग कागदावर सही घेऊन, निरीक्षकांना वाकून नमस्कार करून, एक काम नीट पार पडल्याच्या समाधानात तो परत गेला.

निरीक्षकांना खिडकीजवळ बसवण्यात आलं. हवाई सुंदरीने पाणी दिलं. "आजोबा, भीती वाटली तर माझ्याकडे बघायचं हं."

"मुली, मी घाबरलेलो नाही. मी संतापलेलो आहे. यातला फरक तुम्हाला शिकवत नाहीत का? मला उतरायचंय. कॅप्टनला बोलाव."

आवाजात काहीतरी असावं, कारण कॅप्टन आला. तो खाली वाकून गोड बोलायच्या बेतात होता, पण निरीक्षकांनी त्याला तोंड उघडू दिलं नाही.

"एकतीस नंबरच्या जागेवरून साडेअकराला मागे ढकलणार ना तुम्ही? अकरा सत्तावीस झालेत. अजून जिना काढलेला नाही, पुढच्या चाकाचा अडसर काढलेला नाही, आणि तुमचा सामानवाला तिकडे उभा राहून जांभया देतोय."

कॅप्टन ताठ झाला. "सर, तुम्ही इथले?"

"छत्तीस वर्षं. धावपट्टी."

"मग तुम्हाला कसं सांगू," कॅप्टन खरोखरच अवघडला. "तुम्ही उतरू शकता, तुमचा हक्क आहे. पण एकदा चढलेला प्रवासी उतरला, तर सगळ्यांना खाली उतरवून प्रत्येकाचं सामान ओळखायला लावावं लागतं. नियम आहे."

"मला सांगता? आम्ही तिघांनी बसून लिहिलाय तो नियम."

"पाऊण तास जाईल. आणि आमच्या मागे एक विमान याच जागेसाठी थांबलंय. मंत्रिमहोदयांचं."

निरीक्षकांनी आजूबाजूला पाहिलं. साठ-सत्तर माणसं त्यांच्याकडे बघत होती. शेजारी एक शिक्षिका मांडीवर उत्तरपत्रिकांची पिशवी घेऊन बसली होती. ती म्हणाली, "काका, दोन वाजता माझ्या वर्गाचा पेपर आहे. काय ते लवकर ठरवा." मागून कोणीतरी म्हणालं, "एका माणसापायी सगळ्यांनी खोळंबायचं का?"

हे वाक्य निरीक्षकांनी स्वतः आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं होतं. एकदा तर एका राजदूताला ऐकवलं होतं. ते उतरले असते तर विमान अडकलं असतं, विमान अडकलं असतं तर मंत्री अडकले असते, मंत्री अडकले असते तर पडदा थांबला असता आणि कार्ड लावायला भरपूर वेळ मिळाला असता. फक्त बसल्या जागेवरून उठायचं होतं. त्यांचा हात खिशात गेला, कार्डाची कड बोटांना लागली. खिडकीबाहेर लांब ते दुसरं विमान उन्हात उभं होतं, नाक या जागेकडे करून.

"सामानवाल्याला हलवा आधी," निरीक्षक दात-ओठ खात म्हणाले. "आणि निघा! तीन मिनिटं तुम्ही इथेच घालवलीत!"

अकरा एकतीसला विमान मागे सरकलं. मंत्र्यांचं विमान त्या जागेवर येऊन वेळेवर उभं राहिलं. चुकीच्या पाटीवरचा पडदा वेळेवर बाजूला व्हावा म्हणून आपणच वाट मोकळी करून दिली, हा विचार निरीक्षकांना पुढची पन्नास मिनिटं टोचत राहिला. शेजारच्या शिक्षिकेने सहानुभूतीने एकदा विचारलं, "नक्की झालं काय, काका?" आणि त्यांनी शेळ्यांपासून पितळेच्या पाटीपर्यंत सगळं सांगितलं. ती उत्तरपत्रिका तपासत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मी असते तर त्या व्यवस्थापकाला सोडलं नसतं," तेव्हा त्यांना थोडं बरं वाटलं. बोलताना तिने तीन मुलांचे गुण कापले, ते त्यांना दिसलं नाही.

विमान उतरलं. टेकताना डाव्या चाकाला एक आखूड, कोरडा धक्का बसला. बाकी कोणी वरही पाहिलं नाही. निरीक्षकांनी मात्र बोलणं अर्ध्यावर सोडून खिडकीला नाक लावलं.

गाव लहान होतं आणि विमानतळ त्याहून लहान. बैठी इमारत, दारात दोन बाकं, एकच धावपट्टी. तिथले व्यवस्थापक पायऱ्यांशीच फोन घेऊन उभे होते. घामाघूम झालेले.

"राजधानीचे निरीक्षकसाहेब तुम्हीच ना? केव्हाचे फोनवर फोन येताहेत!"

पलीकडे आधी जनसंपर्कवाली मुलगी होती. ती रडवेल्या आवाजात माफी मागू लागली. निरीक्षकांनी तासभर मनात जुळवून ठेवलेलं सगळं तिला ऐकवायला तोंड उघडलं, पण तिच्या हातातून फोन काढून घेतला गेला.

"अहो, कुठे आहात तुम्ही?" बायको.

"कुठे म्हणजे? कागदोपत्री कुठेच नाही! तू हसत बसलीस तिथे, आणि मला समोरून मालासारखं वाहून नेलं! झाला ना समारंभ? झाली पाटी?"

"ऐका तर. मंत्र्यांनी पडदा बाजूला केला, टाळ्या झाल्या आणि उपाहारगृहवाले व्यवस्थापक उठून उभे राहिले. म्हणाले, हा मी नव्हे."

निरीक्षकांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"म्हणाले, मी त्या दिवशी स्वयंपाकघरात होतो. फोटो मीच काढला, माझा कॅमेरा नवा होता म्हणून. फोटोमागे माझं नाव होतं ते काढणाऱ्याचं. यांनी ते फोटोतल्याचं समजून छापलं. मी पुस्तिका वाचली असती तर आधीच सांगितलं असतं, पण मला बारीक अक्षर दिसत नाही. आणि मग सगळ्यांना तुमचं धुकं सांगितलं. जीप, लाल दिवा, सहा मिनिटं, सगळं. तुमच्याहून छान सांगितलं हो."

"हसत कशाला होतीस मग?"

"तुम्ही त्या सकाळी परत येऊन त्यांच्याकडे एकवीस पाव खाल्लेत, ते सांगत होते."

निरीक्षकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. पाच दिवस फुलवत ठेवलेला राग असा कोणी हातातून काढून घेतला, की हाताचं काय करावं ते कळत नाही.

"मंत्री म्हणाले, मग तो माणूस कुठे आहे? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग ही मुलगी म्हणाली, विमानात. त्यांनी तीनपर्यंत थांबायचं कबूल केलंय. तुमचं कार्ड तुमच्या हाताने लावायचं, टीव्हीवाले आहेत. तेच विमान सव्वा वाजता परत निघतंय, त्यात बसा."

"बसतो," निरीक्षक म्हणाले. त्यांनी फोन परत दिला, कोट नीट केला, बाकावर बसून चहा मागवला. पहिला घोट घेतला तेव्हा आतल्या खोलीतून भांडण ऐकू आलं.

"पाचव्यांदा लिहून देतेय मी, सर!" पिवळं जाकीट घातलेली एक बाई इथल्या व्यवस्थापकांसमोर वही नाचवत होती. "डाव्या बाजूला डांबर फुगलंय. आता चाकाखाली आलं. मला आवाज आला!"

"कॅप्टनने तक्रार केली का? प्रवाशाने केली? मग तुम्हालाच कसा आवाज येतो? हे विमान जाऊ दे. त्यात जाणारा मंत्र्यांचा माणूस बसलाय बाहेर."

निरीक्षक चहा ठेवून आत गेले. "पहिल्या वळणाच्या थोडं अलीकडे," ते म्हणाले. "डावं चाक. एकदाच, आखूड."

बाई वळली. तिच्या चेहऱ्यावरचा राग निरीक्षकांना इतका ओळखीचा वाटला की आरशात पाहिल्यासारखं झालं.

"तुम्हाला जाणवलं?"

"गाडी कुठे आहे तुझी?"

तिची गाडी जुनी होती, दार दोरीने बांधलेलं. दोघं पहिल्या वळणापाशी उतरली. परातीएवढा डांबराचा पापुद्रा उचकटून उलटा पडला होता आणि आसपास हातभर खडी पसरली होती. निरीक्षकांनी गुडघे टेकून एक खडा उचलला, बोटांत फिरवला आणि तिच्या हातात दिला. परत जाणाऱ्या विमानाच्या इंजिनाने असले दोन खडे गिळले असते तरी पुरे होतं.

व्यवस्थापक मागून धापा टाकत आले. त्यांनी पापुद्रा पाहिला आणि नजर फिरवली. "झाडून घेऊ की! दहा मिनिटांचं काम. साहेब, तुम्हीच सांगा हिला. तुमच्यासाठी मंत्री थांबलेत, टीव्हीवाले थांबलेत. संध्याकाळपर्यंत बंद ठेवली तर तुमचंच नुकसान."

बाई निरीक्षकांकडे बघत होती. वही तिने छातीशी धरली होती.

"माझ्याकडे काय बघतेस?" निरीक्षक खेकसले. "इथे सही कोणाची चालते?"

"माझी."

"मग कर की!"

तिने बॉनेटवर वही टेकवली आणि लिहिलं. निरीक्षकांनी डोकावून अक्षर पाहिलं. सुवाच्य होतं. व्यवस्थापक कपाळावर हात मारून इमारतीकडे पळाले. लांब विमानाच्या जिन्यावर कॅप्टन उभा राहून दोन्ही हातांनी 'काय झालं' असं विचारत होता. बाईने गाडीतून दोन झाडू आणि एक घमेलं काढलं.

पाच मिनिटांनी व्यवस्थापक पुन्हा पळत आले. हातात फोन. "तुमच्या घरून."

"अहो, बसलात का विमानात?" बायकोच्या मागे बरीच माणसं बोलत होती. "मंत्री घड्याळ बघताहेत."

"त्यांना सांग, धावपट्टी बंद आहे."

"बंद? कोणी केली?"

"निरीक्षकांनी."

"कमाल झाली बाई तुमची! तिथे जाऊनसुद्धा?"

"मी नाही गं," निरीक्षक म्हणाले. "इथल्या निरीक्षक आहेत, त्यांनी. ठेवतो आता, खडी वेचायचीय."